जिताड्याचे डोके

नागपूरच्या बाईने जिताड्यावर लिहावे म्हणजे अलिबागच्या माणसाने संत्र्याच्या आंबिया बहराविषयी चार शब्द सांगण्यासारखे आहे. ऐकणारे हसणारच. आमच्या गावाला समुद्र कोणत्याच बाजूने जवळ नाही. मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर, आणि हावडा तर त्याहूनही लांब. लहानपणी 'मासा' म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे येई तो भंडाऱ्याकडच्या तलावांतला रोहू नाहीतर मरळ. कोहळी लोकांनी बांधलेले ते जुने मालगुजारी तलाव. त्यांतली मासळी टोपल्यांतून आमच्या बाजारात यायची. समुद्रातही मासे असतात हे भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते, एवढेच.

माझे माहेर इतवारीकडचे. घरात सावजी पद्धतीचा स्वयंपाक. हलबा कोष्ट्यांच्या घरांतून निघालेले हे जेवण आता खानावळींमुळे सर्वांना ठाऊक झाले आहे. पण आईच्या हातचा रस्सा खानावळीत मिळत नाही, असे प्रत्येक नागपूरकर म्हणतो तसे मीही म्हणते. निखाऱ्यावर काळा होईपर्यंत भाजलेला कांदा, सुके खोबरे, खसखस, धने, दगडफूल, लवंग, मिरे, हे सारे पाट्यावर लोण्यासारखे वाटायचे, आणि जवसाच्या तेलात इतके परतायचे की तेल वर येऊन तांबडे चमकले पाहिजे. मटण असो, मरळ असो, मसाला तोच. मासा त्यात बुडून जायचा. आम्हाला त्याचे काही वाटत नसे, कारण तलावातल्या माशाला चिखलाचा वास असतो, आणि तो बुडवायचाच असतो. हे कारण मला फार उशिरा कळले. तोपर्यंत मी समजत होते की मसाला म्हणजेच स्वयंपाक.

लग्न होऊन मी ज्या घरची सून झाले ते घर रायगड जिल्ह्यातल्या खारेपाटातले. आंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते त्या बाजूचा, अलिबाग आणि पेण यांच्यामधला हा सखल मुलूख. उधाणाची भरती आली की खाडीचे पाणी शेतापेक्षा उंच उभे राहते, आणि मधे फक्त मातीचा बांध. त्याला तिकडे बाहेरकाठा म्हणतात. पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडायला त्या बांधात उघाडी असते. बांध धड तर भात. बांधाला खांड पडली तर दोनतीन वर्षे त्या जमिनीत गवतसुद्धा नीट उगवत नाही. अशा जमिनीत राता नावाचे तांबडे भात होते आणि घरापुढच्या तळ्यात जिताडा होतो. यजमान रेल्वेत, नोकरी नागपूरला, त्यामुळे सासरी जाणे व्हायचे ते मे महिन्यात आणि गणपतीत.

पहिल्या मे महिन्यात सासूबाईंनी जिताड्याचे कालवण केले, ते मला अजून आठवते. ताटात पातळ, तांबूस पाणी, त्यात कैरीच्या दोन फाका आणि माशाची एक पांढरीशुभ्र तुकडी. मी मनात म्हटले, म्हाताऱ्या माणसाची विसरभोळी सवय, मसाला घालायचा राहिलाच वाटते. नवी सून म्हणून मला पोटाकडची जाड तुकडी वाढली होती. मी ती कशीबशी संपवली. पुढे माझी आई एकदा तिकडे आली तेव्हा तिने माझ्या कानाशी लागून विचारले, "काहून वं, एवढा मोठा मासा अन् असा पाण्यासारखा रस्सा? मसाला संपला का यांच्या घरचा?" मी तिला चिमटा काढून गप्प केले, पण माझेही मत तेच होते.

त्या घरात मासा कसा शिजवतात हे मी पाहिले. तो कसा वाटतात याकडे मात्र माझे लक्ष गेले नाही. मी शाळेत मुलांना निरीक्षणावर निबंध लिहायला देते, म्हणून हे कबूल करायला जरा लाज वाटते.

२०१५ च्या पावसाळ्यात बाहेरकाठ्याला खांड पडली आणि खारे पाणी शेतातून थेट अंगणापर्यंत आले. २०१८ मध्ये मामंजी गेले. आम्ही सासूबाईंना नागपूरला घेऊन आलो. त्या आल्या, एका बाजूच्या खोलीत बसल्या आणि जेवेनाशा झाल्या. रागाने नव्हे. भात, आमटी, भाजी दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या. मी सावजी मसाल्यात रोहू केला, तर त्यांनी एक तुकडा बोटाने उलटा केला, वास घेतला आणि म्हणाल्या, "गोऱ्या पान्याचा हाय. मना नको." आगरी बोलीत ड चा र होतो, ण चा न. 'गोऱ्या' म्हणजे गोड्या, हे समजायला मला पहिल्या वर्षीच एक आठवडा लागला होता.

मग जिताडा आणायचे मी मनावर घेतले. खरे सांगायचे तर त्यात प्रेमापेक्षा हट्ट जास्त होता. माझ्या घरात येऊन कोणी उपाशी राहते, हे मला सहन होत नव्हते.

पहिला प्रयत्न पेणहून. पुतण्याने मोठा जिताडा बर्फात घालून, थर्माकोलच्या पेटीत बांधून, विदर्भ एक्सप्रेसने येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. गाडी त्या दिवशी नेमकी सहा तास उशिरा आली, आणि दिवस वैशाखातले. पेटी उघडली तेव्हा शेजारच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. दुसरा प्रयत्न इथल्याच एका दुकानातून. दुकानदाराने 'समुद्रातला आहे, काटा नाही' म्हणून पांढरे, गुळगुळीत तुकडे दिले. सासूबाईंनी घास तोंडात घेतला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्यो मासाच नाय." त्यांचे अगदी खरे होते असे म्हणता येणार नाही. तो बासा होता. मासाच, पण व्हिएतनामच्या नदीकाठच्या तळ्यांत वाढणाऱ्या जातीचा. चव म्हणून त्याला काही नाही. कोलकात्यालासुद्धा आता पुष्कळ ठिकाणी भेटकीच्या नावाखाली हाच खपतो, असे मला नंतर समजले.

ते सांगितले आमच्या मजल्यावरच्या बौदींनी. नागपुरात बंगाली माणसे आजकालची नाहीत. बेंगाल नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली निघाली आणि तिच्या रुळांवरून कारकून, डॉक्टर, वकील, मास्तर असे किती तरी लोक इकडे आले. धंतोलीची दुर्गापूजा पाहायला सारे शहर लोटते ते उगीच नाही. बौदींना मी माझे रडगाणे सांगत होते. त्यांनी विचारले, "तुमचा तो मासा दिसायला कसा?" मला नीट सांगता येईना. तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "तोंड मोठा, कपाल आत दाबल्यावानी, शेपूट गोल. डोला मांजरीवानी चमकतो." बौदी हसत सुटल्या. म्हणाल्या, "ही तर आमची भेटकी!"

रविवारी पहाटे आम्ही दोघी मंगळवारी बाजारात गेलो. मासळीवाल्याने बर्फातून जवळजवळ तीन किलोचा मासा ओढून काढला. हावड्याकडून रात्रीच्या गाडीने आलेला, असे तो म्हणाला. मी कापू दिला नाही. तसाच अख्खा घरी आणून परातीत सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी आधी त्याचा डोळा पाहिला, मग कल्ला उघडून आतला लाल रंग पाहिला, मग पाठीवरून उलटा हात फिरवला, जशी एखादी बाई खूप दिवसांनी भेटलेल्या भाच्याच्या पाठीवरून फिरवील तसा.

"अगो, यो त जितारा हाय!" त्या म्हणाल्या. "कुठून आनलास गो?"

बंगालहून म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. एवढ्या लांब जिताडा गेलाच कसा? मग मी त्या दिवसापासून या माशाची माहिती जमवू लागले, आणि ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही. आपल्याकडे रायगडात जो जिताडा, तोच मालवणात आणि गोव्यात चोणक, तोच बंगालमध्ये भेटकी. इराणच्या आखातापासून ऑस्ट्रेलियापर्यंत तो सापडतो. ऑस्ट्रेलियात त्याला बारामुंडी म्हणतात. मोठ्या हॉटेलांतून तोच 'सी बास' या नावाने ताटात येतो आणि त्या नावाचे वेगळे पैसे पडतात. थायलंडात तो अख्खा वाफवून त्यावर लिंबू, लसूण आणि हिरवी मिरची घालतात. असा हा खंडांत हिंडलेला मासा जन्मतो खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्ले मात्र भरतीबरोबर वर सरकत गोड्या पाण्यात येतात, तिथे वाढतात आणि अंडी घालायची वेळ आली की पुन्हा खाऱ्या पाण्याकडे निघतात. खारेपाटातले लोक पावसाळ्यात खाडीतून ही पिल्ले धरून घरापुढच्या तळ्यात सोडत. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेने १९९७ साली या माशाची बंदिस्त पैदास करून दाखवली. त्याआधी सारी भिस्त खाडीवर.

आणखी एक गंमत. जिताडा पहिली काही वर्षे नर असतो आणि मोठा झाला की त्याची मादी होते. म्हणजे सात-आठ किलोचा जो दांडगा जिताडा पाहून माणसे तोंडात बोट घालतात, तो बहुधा मादीच असतो. हे मी जेवताना सांगितले तेव्हा यजमान ठसकले. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "मंग मोठ्यावानी वागतो त्यात नवल काय."

तर कालवण. त्या दिवशी सासूबाई बऱ्याच महिन्यांनी ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि मी बाजूला उभी राहून पाहिले. तुकड्या बोटभर जाड. त्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ चोळून ठेवला. पातेल्यात जरासे तेल, त्यात सालासकट ठेचलेला लसूण तांबूस होईपर्यंत, मग आगरी लाल मसाला, जळू नये म्हणून लगेच पाणी. कांदा नाही, खोबरे नाही. पाणी खळखळले, चिंच पडली, तेव्हा कुठे तुकड्या. "मासा शेवटी," त्या म्हणाल्या. आणि चमचा घालू दिला नाही. पातेले दोन्ही बाजूंनी फडक्यात धरून गोल हलवायचे. चमच्याने जिताडा मोडतो. दहा मिनिटांत उतरवले. वर कोथिंबीर.

मी भातावर ते कालवण घेतले आणि पहिल्यांदाच माशाची चव घेतली. पहिल्या मे महिन्यात मी घेतली होती ती न घातलेल्या मसाल्याची चव. जिताड्याचे मांस गोडसर, लोणी लावल्यासारखे, मोठमोठ्या पाकळ्यांनी सुटणारे. त्याला झाकण्यासारखे काही नसतेच, म्हणून झाकत नाहीत. माझ्या आईला मी फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "असंल बाप्पा."

पुढचे काही महिने आमच्या घरात जिताड्याचे प्रयोगच चालले होते. बौदींनी पातुरी शिकवली. काळी आणि पिवळी मोहरी हिरवी मिरची आणि मीठ घालूनच वाटायची, नाहीतर कडू होते. त्यात ओले खोबरे आणि कच्चे मोहरीचे तेल. बिनकाट्याचे तुकडे त्यात माखून, विस्तवावर शेकून मऊ केलेल्या केळीच्या पानात बांधून तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचे. पान करपते, आतला मासा वाफेत शिजतो, आणि गाठ सोडली की नाकात मोहरी चढते. माझ्या मुलाला ही फार आवडली. सासूबाईंनी एक पुडी उघडून बघितली, चाखली आणि "चांगला हाय, पन डोल्यांना पानी" असा अभिप्राय दिला. शाळेतल्या मालवणकडच्या एक बाई रवा लावून तळलेल्या चोणकाचे इतके वर्णन करीत की तेही केले: आले, लसूण, तिखट, हळद आणि कोकमाचे आगळ लावून तुकडी अर्धा तास मुरवायची, रव्यात थोडे तांदळाचे पीठ मिसळून त्यात घोळवायची, आणि तेलात सोडल्यावर खालची बाजू आपली आपण सुटेपर्यंत हात लावायचा नाही. एवढे एक पथ्य पाळले तर कोणालाही जमते.

आणि सावजी जिताडाही मी करून पाहिला. यावरून घरात मोठे बंड होईल अशी माझी समजूत होती. यजमान म्हणाले, "मासा वाया घालवलास." मला राग आला, पण चव घेतल्यावर त्यांचे म्हणणे पटले. मसाला उत्तम झाला होता. आत जिताडा आहे की पनीर, हे मात्र देवाला ठाऊक. गंमत अशी की सासूबाईंनी माझी बाजू घेतली. म्हणाल्या, तळ्यातल्या जिताड्याला त्यांच्याकडेही उन्हाळ्यात, पाणी आटले की, चिखलाचा वास येई. मग त्याही दोनदोनदा चिंच लावीत आणि मसाला दुप्पट घालीत. मी म्हटले, "म्हणजे आई, तुमचा जिताडाही गोड्या पाण्यातलाच की!" त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तला आमचा होता ना गो."

चिखलाचा हा वास पाण्यातल्या शेवाळामुळे आणि सूक्ष्म जंतूंमुळे माशाच्या अंगात उतरतो आणि आंबटाने तो कमी होतो. म्हणजे चिंच लावणारी खारेपाटातली बाई आणि मसाल्यात बुडवणारी इतवारीतली बाई एकाच शत्रूशी लढत होत्या.

आता मूळ गोष्टीकडे येते. २०१९ ची भाऊबीज. आमच्याकडे त्या दिवशी सामिष जेवण असते. माझा भाऊ येणार, नणंद आणि तिचे यजमान पुण्याहून आलेले, म्हणून मी चांगला सहा किलोचा जिताडा आधी सांगून आणवला. तुकड्या तळायला, आणि डोक्याचे कालवण. जिताड्याचे डोके म्हणजे त्याचे खरे ऐश्वर्य. कल्ले काढून ते उभे दोन फाकांत चिरायचे, आणि तुकड्यांपेक्षा जास्त वेळ शिजवायचे. गालाचे मांस, डोळ्यामागची चरबी, कवटीतला लगदा, हे सारे रश्शात उतरते. कैरीचे दिवस नव्हते म्हणून चिंच. ते मीच केले. सासूबाई फक्त पाहत होत्या.

वाढताना मी भाबडेपणाने ती डोक्याची वाटी सासूबाईंच्या ताटापाशी ठेवली. घरात मोठ्या त्याच. त्यांनी वाटी उचलली आणि जावयांच्या ताटाकडे सरकवली. जावयांनी ती यजमानांकडे सरकवली. यजमानांनी माझ्या भावाकडे, कारण भाऊबीज. भावाने घाबरून माझ्याकडे पाहिले. त्याला मरळीचे डोकेसुद्धा कधी सोसले नव्हते. सगळे हसू लागले. मी म्हटले, "आई, तुम्हीच घ्या ना. तुमच्यासाठीच केले आहे."

"मना खाता येत नाय," त्या म्हणाल्या.

मला वाटले, दात नाहीत म्हणून. मी म्हटले, मी सोलून देते. तेव्हा त्या म्हणाल्या, "तसा नाय गो. कधी खाल्लाच नाय. कसा खातात ता ठाव नाय."

हसणे थांबले. चौपन्न वर्षांचा संसार, अंगणात तळे, रोज संध्याकाळी त्या तळ्याच्या पायरीवर बसून माशांना कोलीम आणि बारीक मासळी टाकणाऱ्या या बाईने जिताड्याचे डोके कधी खाल्ले नव्हते. मग त्यांनी सांगितले ते मी जमेल तसे प्रमाण भाषेत लिहिते. तळ्यातला सर्वांत मोठा जिताडा घरात शिजतच नसे. तो साहेबाकडे जाई. बांधाची डागडुजी करून घ्यायची, उघाडीचे दार बसवून घ्यायचे, सातबाऱ्यावरचे नाव दुरुस्त करायचे, काहीही असो. मामंजी ओल्या गोणपाटात जिताडा गुंडाळून एखाद्या बंगल्याच्या मागच्या दाराशी उभे राहत. रायगडात ही रीत सर्वांना माहीत आहे, तिच्यावर विनोदही होतात. ज्या मुलखातल्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांविरुद्ध जमिनी पडीक ठेवून चरीचा संप चालवला, त्याच मुलखातला माणूस मासा घेऊन मागच्या दाराशी उभा राहतो याचे मला फार वाईट वाटले. पण संप करायला गाव लागतो आणि बांध तर उद्याच्या उधाणाआधी बांधायचा असतो. त्याहून लहान जिताडा घरात शिजे. त्याचे डोके पाहुणा असेल तर पाहुण्याला, जावई असेल तर जावयाला, नाहीतर मामंजींना. पोटाकडच्या तुकड्या मुलांना. शेपटीकडची काटेरी तुकडी आणि पातेल्याला लागलेले कालवण सासूबाईंचे. यात त्यांना कोणी काही नाकारले असे त्यांना कधी वाटले नाही. वाढत तर त्याच होत्या.

"शेवटला लय मोठा होता," त्या म्हणाल्या. "दोघांनी धरून नेला. सायेब बोलला, बांध होईल."

बांध झाला नाही. त्याच पावसाळ्यात खांड पडली.

नणंद रडू लागली, तिला हे माहीत होते म्हणून, आणि मला माहीत नव्हते म्हणून मी गप्प राहिले. यजमानांनी विचारले, "आई, त्या रात्री तळ्यातल्या माशांचे काय झाले गं? तू कधी सांगितले नाहीस."

"भात मेला," सासूबाई म्हणाल्या. "सकालला रव नि कटले पोटा वर करून तरंगत होते. जितारे एक बी मेले नाय. गेले खारीला. खाऱ्या पान्याला तो भितो काय? त्याचा त म्हायेरच ता."

आणि त्या हसल्या. नागपूरला आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना असे हसताना पाहिले. तळे गेले, शेत गेले, आणि या बाईला आनंद कशाचा, तर त्या रात्री तिचे सारे जिताडे बांधावरून सुटून निघून गेले याचा.

मी वाटी पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली. कसे खायचे ते त्यांना जावयांनी दाखवले, आणि त्या गृहस्थांविषयीचे माझे मत त्या दिवसापासून सुधारले. आधी गालाचा गोळा अंगठ्याने काढायचा. मग जबडा उलगडायचा. डोळ्याभोवतीचे मऊ मांस ओठांनी ओढायचे, आणि शेवटी कवटीचे हाड रश्शात बुडवून चोखायचे. पंचाहत्तरीच्या सासूबाई एखाद्या शिस्तीच्या विद्यार्थिनीसारख्या एकेक पायरी करीत गेल्या. भाताला हातच लावला नाही. अर्धा तास आम्ही सारे हात वाळवत बसलो होतो. कोणी उठले नाही. बाजूला हाडांची स्वच्छ रास झाली.

मी विचारले, "कसे झाले होते?"

त्यांनी बोटे चाटली, विचार केला. "एवरा काय नाय त्यात," त्या म्हणाल्या. "यांचा उगीच बोलबाला. नि मीठ जरा बेतानं घालीत जा, पोरी."

मला खरोखर हिरमुसल्यासारखे झाले.

त्यानंतर महिनाभराने बौदी आणि मी पुन्हा बाजारात गेलो, या वेळी सासूबाईही हट्टाने बरोबर आल्या होत्या. मासा मोठा म्हणून तो दोघींनी मिळून घ्यायचे ठरले. मासळीवाल्याने डोके वेगळे केले. बंगाली लोक माशाचे डोके भाताबरोबर शिजवून मुडीघंट करतात, म्हणून त्याने ते सरळ बौदींच्या पिशवीकडे नेले आणि मला विचारले, "डोकं यांनाच देऊ ना, बाई?"

मी हो म्हणणार, तोच माझ्या मागून पदर सावरत सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी आपली पिशवी उघडून धरली.

"डोका मना," त्या म्हणाल्या. "तिला शेपूट दे."